मैदानावरचं प्रेम आणि मतपेटीतला विश्वास

१९९८च्या फुटबॉल विश्वचषकात मेक्सिकोचा सामना दक्षिण कोरियाशी होता. मैदानाच्या कडेला दोन कोरियन बचावपटूंनी मेक्सिकोच्या क्वाउतेमोक ब्लांकोची वाट अडवली. त्यानं चेंडू दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट धरला आणि चेंडूसकट उडी मारून तो दोघांच्या मधल्या फटीतून निसटला. ‘क्वाउतेमीन्या’ म्हणून ती उडी जगभर गाजली.

नुसत्या कामगिरीच्या तराजूत मेक्सिकोच्याच उगो सांचेसचं पारडं ब्लांकोपेक्षा जड आहे. स्पॅनिश लीगमध्ये पाच मोसम तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. ब्लांको मात्र स्पेनमध्ये फुलला नाही. ऐन उमेदीत गुडघ्याच्या दुखापतीनं त्याला गाठलं. तरीही मेक्सिकोच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर वेगळीच माया केली. किंचित पोक काढून चालणारा, खेळाडूच्या पीळदार शरीराचा नसलेला हा माणूस मेक्सिको सिटीतल्या तेपितोसारख्या कष्टकरी वस्तीचा वाटायचा. चारी बाजूंनी कोंडी झाली तरी डोकं लढवून सुटता येतं, हे तो लोकांना दाखवत होता. २००७मध्ये तो अमेरिकेतल्या शिकागो फायर क्लबकडे गेला, तेव्हा गाव सोडून पोटासाठी आलेले मेक्सिकन लोक त्याच्या स्वागताला हजारोंनी जमले. २०१०मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यानं फ्रान्सविरुद्ध पेनल्टीवर गोल केला आणि तीन विश्वचषकांत गोल करणारा तो पहिला मेक्सिकन ठरला.

हीच माया पुढे मतपेटीत उतरली. २०१५मध्ये एका छोट्या स्थानिक पक्षाच्या तिकिटावर तो मोरेलोस राज्यातल्या क्वेर्नावाका शहराचा महापौर म्हणून निवडून आला. महापौर असतानाच, मार्च २०१६मध्ये, आस्तेका स्टेडियमवर आपल्या जुन्या क्लब अमेरिकाच्या जर्सीत त्यानं निरोपाचा सामना खेळला. २०१८मध्ये तो त्याच राज्याचा गव्हर्नर झाला. राज्यातल्या हिंसाचारावरून मात्र त्याच्या कारभारावर सातत्यानं टीका झाली आणि जनमत चाचण्यांत तो तळाच्या गव्हर्नरांमध्ये दिसू लागला.

पण म्हणून त्याला मतं देणाऱ्यांना भोळं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. मुरलेल्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं निराश केलं, की माणूस ओळखीच्या चेहऱ्याकडे वळतो. आपल्यातला माणूस आपलं दुःख जाणेल, ही आशा रास्तच आहे. पण दुःख जाणणं वेगळं आणि पोलीस, पाणी, अंदाजपत्रक यांची घडी बसवणं वेगळं. मैदानावर खेळाडूची परीक्षा नव्वद मिनिटांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. कारभाराची परीक्षा बंद दाराआड चालते. तिचा निकाल लोकांना फार उशिरा कळतो आणि त्याची किंमत आधी गरीब वस्त्याच मोजतात.

हुकलेला गोल माफ करणं हा चाहत्याचा मोठेपणा आहे. तोच मोठेपणा राज्यकर्त्याला दाखवला, तर नुकसान शेजाऱ्याचं होतं. ज्याच्यावर आपण जीव टाकला, त्याच्याकडूनच कारभाराचा सर्वांत कडक हिशेब मागता आला पाहिजे. असा हिशेब मागितल्यानं त्या उडीवरचं प्रेम कमी होत नाही; आणि त्या प्रेमाखातर हिशेब सोडून द्यायचंही कारण नाही.