खाचराचा भाव, वाणाचा भाव

“मामा, एका पेटंटवर संशोधक म्हणून माझं नाव आहे. तुमच्या नावावर एक भूखंड आहे. त्या भूखंडानं तुम्हाला जे दिलं ते माझं डोकं मला जन्मभर देणार नाही. हे बरोबर आहे का?”

पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठानं चालता चालता भाचीनं हे विचारलं. मामा निवृत्त शिक्षक, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. ती तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या संशोधनात. पनवेलमध्ये हा प्रश्न कुठल्याही घरात निघू शकतो. १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर वसवायचं ठरलं. तेव्हापासून इथल्या माणसाची मिळकत त्याच्या हातच्या कामापेक्षा त्याची जमीन नकाशात कुठं पडते यावर जास्त ठरत आली. नवी मुंबई विमानतळासाठी १,१६० हेक्टर लागले, उलव्याची टेकडी कापली गेली, दहा वस्त्या हलल्या, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी साडेबावीस टक्के विकसित भूखंडाची योजना होती. म्हणजे हेक्टरामागे २,२५० चौरस मीटर.

“बरोबर की चूक ते नंतर बघू,” मामा म्हणाले. “ती जमीन कुणी केली ते आधी ऐक, बाय.”

खारजमीन आयती मिळत नाही. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून गावानं मिळून मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी बाहेर काढायला उघाडी ठेवायची आणि दरवर्षी पावसाआधी डागडुजी करायची. बांधाला खांड पडली की खारं पाणी थेट भातात. मग दोन-तीन पावसाळे तरी माती धुतली जाईपर्यंत पिकाचं नाव घ्यायचं नाही. “ओहोटी लागली की माणसांची रांग लागायची,” मामा सांगत होते. “एकानं चिखल कापायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा, शेवटच्यानं खांडीत पायानं दाबायचा. भरती परत यायच्या आत खांड बुजली पाहिजे. माझ्या आज्याची हयात त्यात गेली. त्याची मजुरी त्याला कुणी दिली?”

“कुणीच नाही, मान्य. पण भूखंडाला भाव त्या बांधामुळे आला का? भाव आला विमानतळामुळे, रेल्वेमुळे, अटल सेतूमुळे. ते उभं केलं करदात्यांनी, मजुरांनी, इंजिनीयरांनी. आणि त्यांच्या कामाचा भाव तुमच्या भूखंडात येऊन बसला.”

तिचा मुद्दा अर्थशास्त्रातला फार जुना आणि अजून न खोडला गेलेला मुद्दा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिड रिकार्डोनं जमिनीचा खंड मालकाच्या कष्टावर ठरत नाही हे दाखवलं. अमेरिकेत हेन्री जॉर्जनं १८७९ साली त्याच धाग्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं: शहर वाढतं ते सगळ्यांमुळे, मग वाढलेला भाव एकट्या मालकाचा कसा? वाढीव भाव करानं समाजाकडे परत घ्या, आणि माणसाच्या श्रमावरचे, हुन्नरावरचे कर काढून टाका, असं त्याचं म्हणणं होतं. सिडकोनं एका अर्थानं हेच केलं. शेतजमीन घ्यायची, रस्ते-पाणी-वीज आणायची, भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचं शहर बांधायचं. फरक इतकाच की भाव आधी शेतकऱ्याच्या हातून काढून घेतला गेला.

मामांचा आवाज इथं चढला. “१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात जे झालं ते तुला पुस्तकात सापडणार नाही. पाच माणसं पोलिसांच्या गोळीनं गेली. काय मागत होतो आम्ही? जमीन घेताय तर भाव द्या, आणि पुढं वाढणाऱ्या भावात वाटा द्या. आमचे नेते दि. बा. पाटील यांनी ते लावून धरलं म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार कापले, हातात राहिले पावणेनऊ. कितीतरी जणांनी भूखंड हातात पडायच्या आत हक्कच विकून टाकला, कारण घरात लग्न होतं नाहीतर आजारपण. तू म्हणतेस भाव समाजानं आणला. मग समाजानं तो वाटताना आमच्यापासूनच कात्री का लावायची?”

भाची गप्प राहिली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं दुसरीकडून सुरुवात केली.

“मामा, तुम्ही घरी एचएमटी तांदूळ आणता. तो कुणी काढला माहीत आहे?”

मामांना माहीत होतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या वाणाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या मळणीत जाऊ दिल्या नाहीत. बी बाजूला ठेवलं, पुढच्या हंगामात वेगळं पेरलं, वेगळं निघालेलं उपटलं, पुन्हा पेरलं. अशी काही वर्षं गेल्यावर बारीक दाण्याचं, भरपूर उतारा देणारं वाण स्थिर झालं. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकप्रिय होती, व्यापाऱ्यानं तांदळाला तेच नाव दिलं. बी शेतकऱ्यांच्या हातून शेतकऱ्यांच्या हाती गेलं आणि राज्याची हद्द ओलांडून पसरलं. पुढं अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केलं आणि श्रेय कुणाचं हा वाद दादाजी होते तोवर मिटला नाही. त्यांनी नंतरही वाणं काढली. एकाला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं दिली, डीआरके. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा शेवटच्या आजारपणात उपचाराच्या पैशांची ओढाताण होती.

“आता दोन्ही शेजारी ठेवा,” भाची म्हणाली. “एकीकडे भाताची जमीन, जिच्यात भात पिकणं बंद झालं तेव्हा तिला सोन्याचा भाव आला. दुसरीकडे भाताचं वाण, जे लाखो ताटांत गेलं आणि काढणाऱ्याला औषधाला पैसे पुरले नाहीत. बुद्धीचं मोल कुठं आहे यात?”

इथं मामांनी फ्रीडरिश हायेकचं नाव काढलं, आणि ते अनपेक्षित होतं, कारण मामा शेतकरी कामगार पक्षाच्या सभांना जाणारे. हायेकनं १९६० च्या ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या पुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे की बाजार लायकीला बक्षीस देत नाही, देऊ शकणारही नाही. तुमच्या कामाची दुसऱ्याला किती गरज आहे एवढंच तो मोजतो. मामांनी त्याला पनवेलचाच दाखला जोडला. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ओळख गाडीची चाकं बनवणारं गाव अशी आहे, घाटावर जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं. “रेल्वे आली, मोटार आली, चाकांची मागणी गेली. सुताराच्या हातातलं कसब तेवढंच होतं. मग बाजारानं अन्याय केला का त्याच्यावर?”

“नाही. तिथं हायेक बरोबर आहे. पण दादाजींच्या बाबतीत तो उलटा पडतो. त्यांच्या तांदळाची गरज कमी नव्हती, तो तर आजही दुकानात आहे. गरज होती, उपयोग होता, पैसाही फिरला. फक्त तो पैसा त्यांच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती.”

याच वाक्यापाशी सगळ्या वादाचा गाभा आहे असं वाटतं. अर्थव्यवस्था मूल्याला मोबदला देते हे अर्धंच खरं. ती नोंदलेल्या हक्काला मोबदला देते. मामांच्या सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून वाढलेल्या भावाला उतरायला जागा मिळाली. दादाजींच्या बियाण्याचा सातबारा नव्हता.

आणि सातबाऱ्यावरचं नावही कुणी सहज लिहून दिलेलं नाही. याच रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी जमीनदार खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. संप १९३९ पर्यंत चालला. माणसांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं. त्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, त्या दिवशी कसणारा कूळ कायद्यानं मालक ठरला. विमानतळाच्या मोबदल्याच्या यादीत आलेल्या कितीतरी नावांची मुळं त्या संपात आहेत. तो संप झाला नसता तर सत्तरच्या दशकात सरकारनं जमीन खोताकडून घेतली असती आणि कूळ रिकाम्या हातानं गेलं असतं.

“मग दादाजींच्या बियाण्यालाही कागद असायला हवा होता, एवढंच ना?” मामांनी विचारलं.

“तिथंच माझी अडचण आहे,” भाची म्हणाली. “माझ्या पेटंटचा कागद आहे, मालक कंपनी आहे, आणि वीस वर्षं ते दुसरं कुणी करू शकत नाही. दादाजींनी असं कुंपण घातलं असतं तर वाण इतकं पसरलंच नसतं. शेजाऱ्याला पसाभर बी दिलं म्हणून ते पसरलं. कुंपण घातलं तर उपयोग आखडतो, नाही घातलं तर माणूस उपाशी राहतो. मी रोज ज्या कामाला जाते ते पहिल्या बाजूला आहे आणि मला ते पूर्ण पटत नाही.”

मामांनी धूतपापेश्वरचा दाखला दिला. १८७२ साली पनवेलमध्ये हा औषधी कारखाना सुरू झाला. पाठ ग्रंथांतले, कुणालाही खुले. पारंपरिक ज्ञानावर आपल्या कायद्यानुसार पेटंट मिळतही नाही. तरी तो टिकला, नावावर आणि औषध नीट बनवण्याच्या शिस्तीवर. भाचीला हे पटलं, पण तिनं लगेच दाखवून दिलं की त्यासाठी कारखाना लागतो, भांडवल लागतं. दीड एकरवाल्याला नावावर जगता येत नाही.

भारतानं मधली वाट काढायचा प्रयत्न केला आहे. २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवू देतो, आणि त्याच वेळी बी राखून ठेवण्याचा, देवाणघेवाणीचा हक्कही शाबूत ठेवतो. लाभात वाटा देण्यासाठी त्यात जनुक निधीची तरतूद आहे. कल्पना उत्तम आहे. पण दादाजींचं बी तोवर दहा वर्षं लोकांच्या शेतात होतं, आणि नोंदणीच्या खिडकीपर्यंत जायला कुणाचा तरी हात धरावा लागतो.

मामांना एक सुचलं. “महाराष्ट्रानं रोजगार हमीसाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, १९७५ साली. वि. स. पागे यांची योजना. शहरानं द्यायचं, दुष्काळी गावानं काम करून घ्यायचं. तसं जमिनीच्या वाढीव भावातून वाण काढणाऱ्यांना का देऊ नये? पुरस्कार नको, शाल-श्रीफळ नको, दरमहा मानधन द्या, म्हणजे बी मोकळं राहील.”

“कुणाच्या भावातून? जासईच्या वारसांच्या?”

“त्यांच्या नाही. हक्क स्वस्तात घेऊन ज्यांनी टॉवर बांधले त्यांच्या. आणि विमानतळालगतच्या नैना क्षेत्रात आता साठ टक्के जमीन देऊन चाळीस टक्के राखायची आहे. तिथं अजून हिशेब मांडता येईल.”

“आणि लावणीला यायच्या त्या कातकरी बाया? साडेबारा काय, साडेबावीस काय, भूखंडाचं माप जमिनीच्या मापावर ठरलं. कुणी किती वर्षं वाकून लावणी केली याचं माप कुठल्या दफ्तरात आहे?”

मामांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाले, “दफ्तरात नाही. मला नावं माहीत आहेत, आमच्याकडे यायच्या त्या सगळ्यांची. त्यातल्या दोघी अजून वाडीवर आहेत.”

पनवेल तालुक्यातल्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि भाव चढला की पहिलं संकट त्यांच्या घरांवर येतं. वाण काढणाऱ्यांच्या मानधनाचा वाद त्या दोघांनी तसाच ठेवला. सोमवारी तलाठी कार्यालयात जाऊन वाडीखालच्या जमिनीचा सातबारा काढायचा, मालक कोण आहे ते बघायचं, आणि घराखालच्या जागेसाठी कूळ कायद्याखाली अर्ज करता येतो का हे वकिलाला विचारायचं, एवढं ठरलं. भाचीनं गट नंबर फोनमध्ये लिहून घेतला.