देवाच्या नावावर किती घालावे?



माळकऱ्याच्या घरात मासे आले, हे ऐकून आपल्याला हसू आले तर मी रागावणार नाही. आमच्या आळीतही लोक हसले. पण हे मासे ताटातले नव्हेत, काचेच्या टाकीतले आहेत. आणि सत्तरी ओलांडलेल्या एका कीर्तनकाराला त्यांनी त्याची जुनी चूक दाखवली. पांडुरंगाच्या कानांतली कुंडले मत्स्याकार आहेत असे आपण रूपवर्णनात सांगतोच. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका मानू नये.

प्रश्न असा आहे. जीव गेला की आपण म्हणतो, “हरीची इच्छा.” हे बोलणे श्रद्धेचे केव्हा असते आणि पळवाटेचे केव्हा?

माझा नातू तेरा वर्षांचा आहे. त्याच्या मामाला मासे पाळण्याचा नाद. त्याने नातवाला प्लास्टिकची एक लहान पिशवी दिली. आत नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा, वर चिठ्ठीवर तारीख. मला वाटले, तुळशीच्या कुंडीत घालायचे खत असावे. नातू म्हणाला, “आजोबा, यात मासे आहेत.” मी चष्मा लावून पाहिले. मोहरीपेक्षाही बारीक अशी चार-दोन अंडी दिसली. पाण्याबाहेर, तीन महिने, पिशवीत!

त्या माशांना किलीफिश म्हणतात. नाव ऐकून मारणारा मासा वाटतो, पण ‘किल’ हा डच भाषेतला ओढ्याला वापरायचा शब्द आहे, असे नातवाने मला समजावले. यांच्या अनेक जाती आहेत. काही तर आपल्याकडच्या ओढ्यांत आणि भातखाचरांतही राहतात. आमच्या घरी आले ते पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावरचे. तिथे पावसाळ्यात डबकी साचतात, तेवढाच यांचा संसार. डबके आटले की एकूणएक मासा मरतो. अंडी मात्र चिखलात निजून राहतात. पुढच्या पावसाचे पाणी लागले की काही तासांत पिल्ले बाहेर पडतात, आणि महिना-दीड महिन्यात ती स्वतः अंडी घालू लागतात. टाकीत कितीही जपले तरी आयुष्य साधारण वर्षाचे. नर दीड-दोन इंचांचा, निळसर हिरवा, शेपूट कुंकवासारखी लाल. मादी साधी, मातकट.

त्यांना खाद्य हलते लागते. नातू मिठाच्या पाण्यात अगदी सूक्ष्म कोळंबीची अंडी उबवतो आणि ती पिल्ले टाकीत सोडतो. हे मला खटकले, आजही थोडे खटकते. पण जो जीव आपण घरात आणला त्याला त्याच्या धर्माचे अन्न द्यावेच लागते. माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या नाही.

अठरा पिल्ले निघाली. नातवाने वही केली. मासा मेला की तारीख लिहायची आणि पुढे ‘कारण’ असा रकाना. पहिली नोंद, नळाचे पाणी तसेच ओतले. पाण्यातल्या क्लोरिनने तीन पिल्ले गेली. दुसरी, खाद्य जास्त पडले, उरलेले कुजले, पाणी बिघडले. मग अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखा रोग आला. ती ओळखेपर्यंत दोन मासे गेले. प्रत्येक नोंदीनंतर पोर थोडे रडले आणि काहीतरी शिकले. पाणी एक दिवस आधी भरून ठेवू लागले, खाद्य मोजून घालू लागले, पाण्यात चिमूटभर मीठ टाकू लागले.

एका एकादशीला मी पहाटे उठलो. काकड्याच्या आधी सहज टाकीचे झाकण सरकवून पाहिले आणि तसाच भजनाला बसलो. हे मासे उडी मारणारे. सकाळी सूनबाईंना केर काढताना कपाटाखाली लाल शेपटीचा नर सापडला. वाळून काडी झालेला.

नातू वही घेऊन आला. मी चाळीस वर्षांच्या सवयीने बोललो, “बाळा, देवाची इच्छा. त्याचं आयुष्यच तेवढं होतं.” त्याने पेन उचलले, पण लिहिले नाही. म्हणाला, “आजोबा, कारणात तेच लिहू का? मग मागच्या सगळ्या ओळींतही तेच लिहावं लागेल.”

त्याला झाकणाचे ठाऊक नव्हते. मला होते. थोड्या वेळाने मी म्हणालो, “लिही, आजोबांनी झाकण उघडं ठेवलं.” त्याने लिहिले. एक शब्द बोलला नाही. मला मात्र त्या दिवशी हरिपाठात मन लावता येईना.

कारण मला एक गाव आठवत होते. चाळीसेक वर्षांपूर्वी तिथे सप्ताहाला गेलो असताना एक पोर विहिरीत पडून गेले. विहिरीला कठडा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्या घरी मी बोललो. ईश्वरी सत्ता, प्रारब्ध, देहाची क्षणभंगुरता. ऐकणाऱ्यांचे डोळे पुसले गेले. घरच्यांनी पाय धरले. दोन वर्षांनी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा विहीर तशीच होती. माझ्या बोलण्याने सगळ्यांचे समाधान झाले होते. आणि समाधान झाले म्हणूनच कठडा राहून गेला होता. मी देवाच्या नावावर असे काही घातले होते, जे खरे तर गावाच्या आणि माझ्या नावावर पडायला हवे होते. त्या दिवशी शोक आवरण्याआधी एकच वाक्य बोलायला हवे होते, “आधी कठडा बांधा.”

मत्स्यावताराची कथा मी कितीतरी वेळा सांगितली आहे. मनूच्या ओंजळीत आलेला लहानसा मासा रक्षण मागतो आणि मनू त्याला मडक्यात ठेवतो. कथा सांगताना माझे लक्ष नेहमी पुढच्या प्रलयाकडे आणि नौकेकडे असायचे. आता मडक्याकडे जाते. जीव मडक्यात घेतला की राखण आपली झाली. तिथली हयगय हरीच्या माथी मारणे ही भक्ती नव्हे. तो भोळ्या देवावर लादलेला खोटा हिशेब आहे.

पण माउली, याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उरलेल्यांतला सर्वांत देखणा नर अकराव्या महिन्यात मंदावला. रंग उतरला, पाठीला बाक आला, खाद्य समोरून गेले तरी तो हलेना. नातवाने पाणी बदलले, औषध घातले, रात्री उठून पाहिले. पाचव्या दिवशी मासा गेला. पोराने वहीत लिहिले, ‘माझी चूक?’

या वेळी मी त्याला पेन मागितले. म्हटले, “हे खोड. ज्याचं आयुष्यच एका पावसाचं, तो तुझ्याकडे अकरा महिने राहिला. इथे लिही, म्हातारपण.” जे काळाचे आहे ते आपल्या अंगावर ओढून घेणे हाही एक सूक्ष्म अहंकारच आहे. मी आणखी काही केले असते तर मरण थांबले असते, असे म्हणताना आपण नकळत स्वतःला काळाचे धनी समजतो. नव्वदीच्या आईला पोहोचवून आलेली लेकरे “आम्हीच कमी पडलो” म्हणत वर्षानुवर्षे झुरताना मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी “हरीची इच्छा” हे वाक्य खरे औषध आहे. औषध तेच, पण रोग ओळखून द्यावे लागते.

मग शोकाचे काय? एवढ्याशा माशासाठी रडू येणे हे वारकऱ्याला शोभते का? नामदेवरायांनी ज्ञानोबामाउलींच्या आळंदीच्या समाधीचे जे अभंग रचले, त्यांत निवृत्तिनाथांचा शोक आहे. ते गुरू, आत्मज्ञानी, आणि तरीही त्यांना भरून आले. संतांनी ते लपवले नाही. आपण का लपवावे? शोक हा ज्ञानाचा अभाव नसतो. बहुधा तो प्रेमाचा मागे राहिलेला ओलावा असतो. तो नाटकी करू नये, आणि दाबूही नये.

त्या नराने आणि मादीने टाकीच्या तळाशी भुशात अंडी घातली होती. नातवाने तो भुसा गाळून, हाताने हलकेच पिळून पिशवीत भरला आणि वर तारीख घातली. मी त्याला “आता नवे मासे येतील, रडू नकोस” असे म्हटले नाही. नवा मासा म्हणजे गेलेला मासा नव्हे. शोकात बसलेल्याला “दुसरं होईल” असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. ते बोलणे घाव भरत नाही, घाव नाकारते. शिवाय सगळी अंडी पहिल्या पाण्याला फुटतही नाहीत. पहिली सर फसवी निघाली आणि डबके लगेच आटले, तर वंश बुडू नये म्हणून काही अंडी मागे निजून राहतात. देवाची इच्छा पाहायचीच असेल तर मला ती इथे दिसते. आपल्या विसराळूपणात ती शोधू नये.

आपल्या घरी कुणी गेले असेल, माणूस असो, गाय असो, दारचा कुत्रा असो, तर आधी मोकळेपणाने रडून घ्या. मग शांतपणी वही काढा. जे आपल्या हातून झाले ते आपल्या नावावर लिहा आणि त्याचा कठडा बांधा. जे काळाचे होते ते काळाच्या नावावर लिहा आणि स्वतःला सोडवा. दोन्ही लिहून झाल्यावर सगळी वही विठोबाच्या पायांवर ठेवा. वही कोरी ठेवून नुसता नमस्कार करू नका. मी तो पुष्कळ वर्षे केला आहे.

आमच्या टाकीवर आता नातवाने एक पट्टी चिकटवली आहे, “झाकण लावले का?” काकड्याला बसण्याआधी मी ती वाचतो.

रामकृष्णहरी.