दुसऱ्या छपाईत काय उरतं

सुपरमॅनची पहिली गोष्ट मुळात कॉमिकच्या अंकासाठी काढलेलीच नव्हती. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांना ती रोजच्या वर्तमानपत्रात हवी होती, आडव्या पट्टीत, दिवसाला तीन-चार चौकटींनी पुढे सरकणारी. वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या संस्थांनी ती एकामागून एक परत पाठवली. काही वर्षं पट्ट्या पडून राहिल्या. १९३८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या एका नव्या मासिकाला पानं भरायला घाईनं मजकूर हवा होता. तेव्हा त्याच पट्ट्या कापल्या गेल्या, चौकटी पानाच्या मापाप्रमाणे नव्यानं चिकटवल्या गेल्या आणि तेरा पानं तयार झाली. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक तो हाच. अंकावर महिना जून १९३८, किंमत दहा सेंट.

आज त्या अंकाची एखादी बरी प्रत विकली गेली की जगभर बातमी होते. आपण तिला ‘मूळ’ म्हणतो. पण ती पानं सावकाश वाचली की कात्री कुठं फिरली ते कळतं. पहिल्या पानावर नायकाची धावती ओळख आहे, आणि लगेच दुसऱ्या पानावर तो एका बांधलेल्या बाईला खाकोटीला मारून रात्रीच्या अंधारात लांब लांब उड्या घेत निघालेला दिसतो. ही बाई कोण, हा तिला कुठून घेऊन आला, काही कळत नाही. आधीचा भाग गळला आहे. वाचकाला मधल्याच स्टेशनावर गाडीत चढवल्यासारखं होतं.

गळलेला भाग वाचकांना मिळाला तो वर्षभरानंतर, १९३९ च्या उन्हाळ्यात, आणि मिळाला पुनर्मुद्रणात! ‘सुपरमॅन’ नावाचं स्वतंत्र मासिक काढायचं ठरलं तेव्हा त्याच्या पहिल्या अंकात ‘ॲक्शन’च्या पहिल्या चार अंकांतल्या गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. सोबत सहा पानं अशी होती जी आधी कुणी पाहिलीच नव्हती. क्लार्क केंट वर्तमानपत्रात नोकरीला कसा लागला आणि ती बाई त्याच्या हाती कशी सापडली, हे त्यात आलं. नायकाचा जन्मही बदलला. १९३८ मध्ये रस्त्यानं जाणारा एक मोटारवाला ते बाळ अनाथाश्रमात पोचवतो, एवढंच होतं. १९३९ मध्ये त्याला केंट नावाचं वयस्क जोडपं मिळालं, आईबाप मिळाले. दत्तक मुलावर माया करणारे हे दोघे काढून टाकले तर आजचा सुपरमॅन उभाच राहणार नाही, आणि ते आले दुसऱ्या छपाईत.

म्हणून पुनर्मुद्रण म्हणजे शिळी भाकरी, हा समज मला कधी पटला नाही. या कलाप्रकारात तरी तो उलटाच ठरतो, कारण अमेरिकी कॉमिकचं पुस्तक जन्मलं तेच पुनर्मुद्रणातून. १९३३ मध्ये ईस्टर्न कलर या छपाई कंपनीनं वर्तमानपत्रांच्या रविवार-पुरवणीतल्या चित्रपट्ट्या लहान आकारात पुन्हा छापून ‘फनीज ऑन परेड’ काढलं. पुढच्या वर्षी ‘फेमस फनीज’ दहा सेंटला स्टॉलवर आलं आणि खपलं. मग माल्कम व्हीलर-निकल्सन नावाच्या निवृत्त मेजरनं १९३५ मध्ये ‘न्यू फन’ काढलं, तेव्हा त्यात सगळा मजकूर नवा होता. गाजलेल्या पट्ट्यांच्या पुनर्मुद्रणाचे हक्क विकत घ्यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते, आणि होतकरू मुलांकडून नवं लिहून-काढून घेणं स्वस्त पडत होतं. त्या धंद्यात नवनिर्मिती आली ती अशी, हात आखडता होता म्हणून. सीगल आणि शूस्टरचं पहिलं काम विकत घेतलं ते याच मेजरनं. सुपरमॅन छापून येईपर्यंत मात्र कंपनी त्याच्या हातून गेलेली होती.

स्वस्त मुलं, स्वस्त पानं. पानाला दहा डॉलर या दरानं तेरा पानांचे एकशे तीस डॉलर झाले आणि त्यात सुपरमॅनचे सगळे हक्क कायमचे कंपनीकडे गेले. दोघंही तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ‘कायमचे’ या शब्दाचा अर्थ त्या वयात कुणाला कळतो? पुनर्मुद्रणाचं सगळं दुखणं या एका शब्दात आहे. नवं पान काढलं की काढणाऱ्याला एकदा पैसे मिळत. तेच पान पुढं दहा वेळा छापलं तरी त्याला काही मिळायचं नाही, आणि तशी अपेक्षाही धंद्यात कुणी करत नसे. पुनर्मुद्रणात मालकाचा खर्च कागदाचा आणि शाईचा, तोही पहिल्यापेक्षा कमी.

निर्मितीचा उगम म्हणजे नेमकं काय? मला वाटतं, पहिली छपाई म्हणजे उगम नव्हे, ते फक्त पहिलं वळण. उगम त्याच्या मागं जातो. सीगलच्या टंकयंत्रावर जातो. शाळकरी वयात त्यानं विज्ञानकथांचं एक हौशी नियतकालिक चालवलं होतं आणि १९३३ च्या जानेवारीत त्यात ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा वापरलं होतं, पण टकलू, दुष्ट माणसासाठी. फिलिप वायलीची ‘ग्लॅडिएटर’ ही अचाट ताकदीच्या माणसाची कादंबरी त्यानं वाचली होती. डग्लस फेअरबँक्सचे मूकपट दोघांनी पाहिले होते. कपड्यांवरून घातलेली ती चड्डी आणि अंगाला चिकटलेला पोशाख सर्कशीतल्या पहिलवानांचा. शूस्टरची नजर लहानपणापासून अधू. तो कागदाला नाक लावून चित्र काढी, आणि कागद घेणं परवडत नसे तेव्हा सामान गुंडाळायच्या तपकिरी कागदावर काढी. सीगलचे वडील, कपड्यांचे दुकानदार, १९३२ मध्ये त्यांच्या दुकानात चोर शिरले त्या रात्री हृदय बंद पडून गेले. गोळीला न घाबरणारा माणूस त्या मुलाला का सुचला, याचं उत्तर या घटनेत काही जण शोधतात. मला ते उत्तर फार सोपं वाटतं, पण त्या घटनेकडे पाठ फिरवणंही जमत नाही.

हा उगम पुढच्या पिढ्यांच्या हाती लागला तो जुनी पानं पुन्हा छापली गेली म्हणूनच. मूळ अंक हलक्या वर्तमानपत्री कागदावरचे. मुलांनी वाचून फेकलेले, युद्धकाळात रद्दीत गेलेले. १९६५ मध्ये व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफरनं ‘द ग्रेट कॉमिक बुक हीरोज’ या पुस्तकात सुपरमॅन, बॅटमॅन, स्पिरिट यांच्या जुन्या गोष्टी स्वतःच्या लेखासह पुन्हा आणल्या. फायफर ‘स्पिरिट’चा कर्ता विल आइस्नर याच्या हाताखाली वाढलेला, म्हणजे कॉमिकच्या कारखान्यातलाच माणूस. नंतरच्या पुनर्मुद्रणांतून १९३८ चा सुपरमॅन समग्र दिसू लागला. हा सुपरमॅन उडत नाही. तो फर्लांगभर उडी मारतो आणि जमिनीवर येतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर फेकतो. फाशीच्या तोंडावर असलेल्या निर्दोष बाईसाठी मध्यरात्री गव्हर्नरचं दार फोडतो. विकला गेलेला सिनेटर आणि त्याला विकत घेणारा दलाल यांच्या मागं लागतो. परग्रहावरचे राक्षस नाहीत, जगबुडी नाही. मंदीच्या काळातल्या गरीब वस्तीचा राग आहे, आणि राग करणारी दोन मुलं आहेत. पुढच्या कैक दशकांत हा राग घासून गुळगुळीत झाला. पुनर्मुद्रण नसतं तर तो कधी होता हेही आपल्याला समजलं नसतं.

पण पानं परत आली, तशी नावं परत आली का? १९३९ च्या त्या अंकात तर दोघांचा परिचयसुद्धा छापलेला होता. १९४७ मध्ये दोघे हक्कांसाठी कोर्टात गेले, पुढच्या वर्षी थोडक्या रकमेवर तडजोड झाली आणि सुपरमॅनच्या पानांवरून त्यांची नावं गेली. १९७४ मध्ये कंपनीनं ‘ॲक्शन’चा तो पहिला अंक मोठ्या आकारात, जाड वेष्टणात, जसाच्या तसा पुन्हा काढला. आतलं मुखपृष्ठ इतकं हुबेहूब होतं की काही लबाडांनी वेष्टण काढून तोच अंक मूळ म्हणून विकायचा प्रयत्न केला. त्या साली सीगल लॉस एंजेलिसमध्ये टंकलेखक-कारकुनाची नोकरी करत होता आणि जवळजवळ दृष्टिहीन झालेला शूस्टर न्यूयॉर्कमध्ये भावाकडे राहत होता. साठीला आलेली ती माणसं, आणि त्यांचा तेविसाव्या वर्षीचा अंक नवा कोरा होऊन दुकानात. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या सिनेमाची घोषणा झाली आणि सीगलनं वर्तमानपत्रांना एक लांबलचक, जळजळीत निवेदन पाठवलं. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्याच्या बाजूनं उभे राहिले. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन मिळालं आणि त्यांची नावं छापण्याचं कबूल झालं. रॉबिन्सनसारख्यांनी पैशाइतकाच नावासाठी हट्ट धरला होता, याचं मला फार मोल वाटतं.

बॅटमॅन लिहिणाऱ्या बिल फिंगरच्या वाट्याला तेही आलं नाही. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये बॅटमॅन आला, त्याखाली नाव एकट्या बॉब केनचं. केननं आधी काढलेला बॅटमॅन लाल कपड्यांचा, डोळ्यांवर छोटी पट्टी लावलेला, पाठीला ताठ पंख जोडलेला होता. टोप, झालरीसारखी कडा असलेली कफनी, करडा रंग, पांढरे कोरे डोळे हे फिंगरचं. पहिली गोष्टही त्यानंच लिहिली, आणि ती ‘शॅडो’ या लोकप्रिय नायकाच्या १९३६ च्या एका कथेवर बेतलेली होती. अभ्यासकांनी दोन्ही कथा शेजारी ठेवून ते दाखवून दिलं. जुनं पुन्हा छापलं गेलं, की उसनवारीही अशी उजेडात येते. फिंगरनं काय उचललं हे कळलं, पण फिंगरनं काय घडवलं हे पानावर यायला २०१५ साल उजाडलं. तो १९७४ मध्येच गेला होता. मधल्या शेकडो पुनर्मुद्रणांत त्याचे शब्द दुसऱ्याच्या सहीखाली छापले जात राहिले. सही खोडायची नाही, जुनं पान जसंच्या तसं छापायचं, ही निष्ठा इथं अन्याय लांबवत होती. हुबेहूबपणा आणि सत्य एकच असतात असं नाही, हे मला फिंगरच्या उदाहरणातून नीट समजलं.

आपल्याकडं हे पुनर्मुद्रण ‘इंद्रजाल’मधून आलं. टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, आणि ली फॉकच्या चित्रपट्टीतला नायक फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव, त्यामुळं राखणदाराला हे नाव अगदी अंगासरशी बसलं. पण हा वेताळही पुनर्मुद्रित, तोही १९३६ पासूनच्या वर्तमानपत्री पट्ट्या कापून पानात बसवलेला. सुपरमॅनवर चालली तीच कात्री इथं चालली. चौकटी छाटल्या गेल्या, काही गळल्या. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालच्या नावासारखं वाटे, म्हणून असावं, ते ‘डेंकाली’ झालं. त्याच्या पोशाखाचंही तसंच. फॉकच्या मनात तो करडा होता, १९३९ मध्ये रविवारच्या पानावर जांभळा छापला गेला, इटलीत तो लाल आहे आणि स्कँडिनेव्हियात निळा. लहानपणी जांभळा वेताळ म्हणजेच खरा वेताळ, अशी आमची खात्री होती. चित्रं कोण काढतं हा प्रश्न एकालाही पडला नाही. वेताळ जंगलात राहत होता, त्याला कुणी काढायची काय गरज?

आणि त्याच ‘इंद्रजाल’मध्ये, बारा वर्षं परदेशी पट्ट्या छापल्यानंतर, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला. गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला, कुर्ता आणि जीन्स घालणारा, चंबळच्या डाकूंशी लढणारा. पुनर्मुद्रणाच्या कुशीतून नवं उगवतं, ते पुन्हा एकदा घडलं.

जुन्या अंकांची फेरछपाई प्रत्यक्षात कशी होत असे, ते समजलं तेव्हा मी बराच वेळ थांबून राहिलो. चाळीसच्या दशकातली बहुतेक मूळ चित्रं शिल्लक नाहीत. छापून झाली की ती फेकली जात. हाती असतो तो फक्त छापील अंक, पिवळट कागदावर ठिपक्याठिपक्यांच्या रंगात. स्कॅनर आणि संगणक या कामाला येण्याआधी ग्रेग थीकस्टन या कॉमिकच्या इतिहासकारानं एक रासायनिक पद्धत बसवली होती. खऱ्या जुन्या अंकाची पानं सोडवून द्रावणात बुडवायची. लाल, निळा, पिवळा विरघळून जातात आणि काळी रेघ तेवढी राहते. त्या रेघेचं छायाचित्र घेऊन नव्यानं रंग भरायचे. एका पुनर्मुद्रणासाठी एक दुर्मीळ अंक कायमचा संपायचा. पण द्रावणातून पान बाहेर येतं तेव्हा छापखान्याचे सगळे रंग गेलेले असतात, आणि ओल्या कागदावर दिसतं ते फक्त कुणीतरी मान वाकवून, कागदाला डोळे लावून ओढलेलं.