गृहपाठ हे कर्म कोणाचे?

गृहपाठ हे विद्यार्थ्याचे कर्म होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शिक्षकाने तो द्यावा, विद्यार्थ्याने करावा आणि न केल्यास दोष विद्यार्थ्याचा, असा व्यवहार सर्वत्र रूढ आहे. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येते की, गृहपाठ करणे हे जसे विद्यार्थ्याचे कर्म आहे, तसे गृहपाठ देणे हे शिक्षकाचे कर्म आहे. आणि या दुसऱ्या कर्माचे परीक्षण बहुधा होतच नाही.

एक नित्याचे दृश्य पाहावे. चौथीतील मुलगा सायंकाळी भागाकाराची 25 उदाहरणे घेऊन बसतो. भागाकाराची रीत त्याला वर्गात उमगलेली नाही. काही वेळ तो झगडतो, मग रडकुंडीला येतो. आई स्वयंपाकात गुंतलेली असते, वडील कामावरून थकून आलेले असतात. शेवटी थोरली बहीण उत्तरे सांगते आणि तो ती उतरवून घेतो. दुसऱ्या दिवशी वहीवर बरोबरच्या खुणा पडतात. शिक्षकांना वाटते, मुलाला भागाकार आला. आईवडिलांना वाटते, संकट टळले. आणि मुलगा मनाशी पक्के करतो की, शिक्षा टाळावयाची असेल तर खोटे चालते. जो पाठ भागाकार शिकविण्यासाठी दिला, त्याने असत्य शिकविले! म्हणूनच गृहपाठाचा ताण हा केवळ झोपेचा किंवा खेळाचा प्रश्न नसून शीलाचाही प्रश्न आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. परिणाम काय होईल, हानी किती होईल, कोणाला पीडा होईल आणि ते पार पाडण्याचे सामर्थ्य आहे की नाही, याचा विचार न करता जे मोहाने आरंभिले जाते, ते तामस कर्म होय. गृहपाठात तर कर्माचा आरंभ शिक्षक करतो आणि सामर्थ्य मात्र मुलाचे खर्ची पडते. यास्तव विचाराची जबाबदारी येथे दुप्पट होते. एकाच दिवशी पाच विषयांचे पाच शिक्षक एकमेकांना न विचारता गृहपाठ देतात, तेव्हा प्रत्येकाचा वाटा लहान असतो. पण त्या सर्वांची बेरीज एकट्या मुलाला करावी लागते.

ही चिंता आजची नाही. 1989 साली प्रसिद्ध कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी कळकळीचे भाषण केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1993 च्या अहवालात दाखवून दिले की, दप्तराच्या वजनापेक्षा न समजल्याचे ओझे अधिक घातक असते. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानेही मूल भय व चिंता यांपासून मुक्त असावे, असे सांगितले. केंद्र सरकारच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्यास जास्तीत जास्त 2 तास, सहावी ते आठवीला दिवसास 1 तास आणि त्यापुढे दिवसास 2 तास, अशी मर्यादा सुचविली आहे. मर्यादा हवीच, तथापि घड्याळ केवळ वेळ मोजते. समजले की नाही, हे शिक्षकच जाणू शकतो.

मग शिक्षकाने काय करावे? बाराव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला साधनेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. चित्त स्थिर होत नसेल तर अभ्यास करावा. तो न साधेल तर भगवंताप्रीत्यर्थ कर्मे करावी. तेही अशक्य असेल तर कर्मफळाचा त्याग करावा. एक पायरी जमत नाही म्हणून शिष्याचा धिक्कार तेथे नाही. त्याला दुसरी पायरी दाखविली आहे. हाच आदर्श वर्गातही ठेवता येईल. गृहपाठातील पहिली दोन उदाहरणे वर्गातच सोडवून घ्यावी. ज्याला रीत कळली, त्याला पाच पुरतात. ज्याला कळली नाही, तो 25 उदाहरणांत तीच चूक 25 वेळा पक्की करतो. त्याला दोनच द्यावी, आणि शेजारी एक सोडवून दाखवावे. दिवसाचा सर्व विषयांचा गृहपाठ फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या शिक्षकास बेरीज दिसेल. गृहपाठ शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. जे शिक्षा म्हणून मिळते, त्यावर प्रेम जडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'येथे मी अडलो' असे वहीत लिहिण्याची मुलाला मोकळीक असावी. उतरवलेल्या बरोबर उत्तरापेक्षा या प्रामाणिक ओळीचे मोल अधिक मानावे.

आता कोणी म्हणेल की, कष्टावाचून विद्या नाही. अशा सवलतीने मुले सुखासीन होतील. कष्टावाचून विद्या नाही, हे खरेच. परंतु कष्ट आणि भय या दोन भिन्न वस्तू आहेत. मन आवरणे वाऱ्यासारखे कठीण आहे, असे अर्जुन म्हणाला, तेव्हा भगवंतांनी ते कठीण असल्याचे प्रथम मान्य केले आणि मगच अभ्यासाचा मार्ग सांगितला. अडचण मान्य केल्याने कष्ट कमी झाले नाहीत; ते करण्याचे धैर्य वाढले.

60 मुलांच्या वर्गात हे कसे साधावे, ही शिक्षकांची अडचणही खरी आहे. पण 25 उदाहरणे दिल्यास 1,500 उत्तरे तपासावी लागतात, पाच दिल्यास 300. तपासणी नावापुरती होण्यापेक्षा थोडे देऊन नीट पाहणे शिक्षकालाही हिताचे आहे.

गृहस्थांचाही यात वाटा आहे. मुलाच्या वहीत स्वतः उत्तरे लिहून देणे ही माया नव्हे. मुलाजवळ बसावे, अडलेली जागा शोधावी आणि न सुटल्यास तसे शिक्षकांना निःसंकोच कळवावे. 'गृहपाठ झाला का?' या प्रश्नाला भ्यालेले मूल 'झाला' एवढेच म्हणते. 'कोठे अडलास?' असे शाळेत आणि घरी विचारले जाऊ लागेल, तेव्हा मुलाला खरे सांगण्याचे भय उरणार नाही. आणि शिकण्याचा आरंभ तेथूनच होतो.