बाकी दोन पैसे

वेग १०३. मर्यादा ८०. वेळ दुपारी ३ वाजून ४२ मिनिटं. दंड २००० रुपये.

प्रयागहून परत येऊन आठवडा झाला होता. गंगाजलाच्या लोट्या शेजारीपाजारी वाटून झाल्या होत्या. ताई मावंदं घालायचं म्हणत होती आणि मी, आईच्या वर्षाच्या आत नको, म्हणून अडून बसले होते. तेवढ्यात हा मेसेज आला. जुन्या विद्यार्थ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, लिंक उघडू नका. हल्ली खोट्या चलानांचे मेसेज फिरतात. परिवहनच्या साइटवर जाऊन स्वतः बघा." गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकले. चलान खरं निघालं, सोबत फोटोही होता.

एकतीस वर्षं मी कॉलेजात संस्कृत शिकवलं. ‘तर्कसंग्रह’ तर इतक्या वेळा की अन्नंभट्ट हा सतराव्या शतकातला माणूस मला वाईच्या मधल्या आळीतला वाटायला लागला होता. त्यामुळे त्या आकड्यांकडे बघताना पहिला विचार आला तो पैशांचा नव्हता. केलेलं कर्म तर तिथेच संपलं. रस्ता मागे पडला, इंजिन बंद झालं, आईसुद्धा पाण्यात गेली. मग इतक्या दिवसांनी हे फळ आलं कुठून? मीमांसकांना हाच प्रश्न पडला होता. यज्ञ आज होतो आणि स्वर्ग मेल्यावर मिळतो, तर मधल्या काळात त्या यज्ञाचं काय उरतं? त्यांनी उत्तर दिलं, ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती उरते, ती फळाची वाट धरून बसते. वर्गात हे शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर जांभई दिसायची. आता शिकवायची वेळ आली तर सरळ ई-चलानाचं उदाहरण देईन. नियमसुद्धा आहे: गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे. अपूर्वाला अशी मुदत नाही, एवढाच फरक.

आता गोष्ट सांगते.

आई ८८ व्या वर्षी गेली. अर्ध्या अस्थी वाईतच कृष्णेत सोडल्या. उरलेल्या प्रयागला न्यायच्या, हे तिने स्वतःच सांगून ठेवलं होतं. कलश अंगणातल्या सोनचाफ्याला टांगलेला होता. रेल्वेने जा, असं सगळे म्हणाले. पण आईला गाडीत पुढे बसायला आवडायचं. काच खाली करून ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यांदा वाचायची. म्हणून तिच्याच जुन्या पांढऱ्या पातळात कलश गुंडाळला, पुढच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला. ताई मागे बसली. चालवणार मी.

पहिला मुक्काम संभाजीनगरला. दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्गाने नागपूर. तिथे मोटारीला १२० ची परवानगी आहे. चारशेहून जास्त किलोमीटर मी ११०-११५ ने गेले, अगदी कायद्यात राहून. तिसऱ्या दिवशी पेंचच्या जंगलातून, जनावरांसाठी उंचावलेल्या पुलांवरून जबलपूर. चौथ्या दिवशी कटनी, मैहर, रीवा. रीव्याला पोचलो आणि पुरोहितांचा फोन आला: पाचच्या आत या, नंतर नाव मिळणार नाही.

तिथून प्रयाग साधारण १३० किलोमीटर. ताईने मागून एकदा म्हटलं, "हळू गं." नंतर नाही म्हटलं. नाव चुकू नये असं तिलाही वाटत होतंच. चाकघाट ओलांडला, उत्तर प्रदेश लागला. ८० ची पाटी मी पाहिली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पाहिली आणि मनात म्हटलं, ऐंशी म्हणजे काय, बैलगाडी का?

हिशेब नंतर केला. १३० किलोमीटर ८० ने गेलं तर ९८ मिनिटं लागतात, १०३ ने गेलं तर ७६. वाचतात बावीस मिनिटं. पुढे एका टपरीवर ताईला चहा हवा झाला, तिथेच पंचवीस मिनिटं गेली. मग नैनीच्या पुलावरची गर्दी. पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. नाव मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि जिच्यासाठी ही धावपळ, ती पुढच्या सीटवर पट्टा लावून स्वस्थ बसली होती. तिला कुठलीच घाई नव्हती.

चलान आल्यावर सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. "परराज्यातलं आहे, कोण विचारतंय?" "लोकअदालतीपर्यंत थांबा, कमी करून देतात." "पाटी दिसेल अशी नव्हती म्हणून आव्हान द्या." शेवटचा सल्ला देणारे गृहस्थ वकील होते. पण पाटी दिसली होती. चौदाशे किलोमीटरवर खोटं बोलायचं म्हटलं तरी ते इथे बसूनच बोलावं लागणार होतं.

मला प्रश्न पडला होता तो वेगळाच. दंड भरला की दोष जातो का?

मनुस्मृतीचा आठवा अध्याय म्हणतो, जातो. राजाने ज्याला शिक्षा केली तो निर्मळ होतो आणि पुण्यवंतांसारखा स्वर्गाला जातो. किष्किंधाकांडात राम वालीला बाण मारल्यावर हाच आधार देतो. पण तिथेच, त्या वचनाच्या थोडं आधी, चोराने राजाकडे कसं जावं हेही सांगितलंय: केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन, आपलं कृत्य आपल्या तोंडाने सांगत. म्हणजे दंडाच्या आधी तो माणूस भर रस्त्यातून चालत आलेला असायचा. लोकांनी त्याला बघितलेलं असायचं, त्यानेही स्वतःला बघितलेलं असायचं. मी काय केलं? डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हाताने ओटीपी. ‘भरणा यशस्वी’ अशी हिरवी खूण आली. मुसळाचं वजन काही खांद्याला जाणवलं नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की सरकारचं खातं त्या हिरव्या खुणेबरोबर बंद झालं आणि ते होणं योग्यच होतं. रस्ता सगळ्यांचा आहे. माझ्या पुढच्या सीटवर अस्थी होत्या, ही त्या रस्त्यावरच्या सायकलवाल्याला काही सवलत नव्हे. उलट पुण्यकर्माला निघालेला माणूस जास्त धोक्याचा, कारण त्याला आपण चुकतोय अशी शंकाच येत नाही. पण दंडाने शुद्धी होते हे मनूचं म्हणणं मुसळासकट घेतलं तरच खरं. नुसत्या रकमेला ते लागू नाही.

आता ताईच्या वहीकडे येते. सबंध प्रवासाचा खर्च तिने दोनशे पानी वहीत लिहिला होता: डिझेल, टोल, नाव, दक्षिणा, चहा. खर्च दोघींत निम्मा. चलानाचं कळल्यावर ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "हे पण लिहिते."

"ते माझं आहे ताई, वहीत नको."

"का? मी गाडीत नव्हते? पाचच्या आत पोचायचं मलाही होतंच की."

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. नारदाने विचारलं, ज्यांच्यासाठी पाप करतोस ते त्यात वाटेकरी होतील का? वाल्या घरी गेला आणि बायकामुलांनी कानांवर हात ठेवले. ते नाही म्हणाले म्हणून वाल्याचा वाल्मीकी झाला. माझ्या घरात मात्र न विचारताच वाटेकरी हजर! शास्त्रही ताईच्या बाजूने आहे. करणारा, करवणारा, प्रेरणा देणारा आणि मान डोलावणारा हे चौघंही फळात भागीदार, असं एक जुनं वचन आहे. एकदाच ‘हळू’ म्हणून गप्प बसणं हे मान डोलावणंच.

ताई तेवढ्यावर थांबली नाही. तिने चलानातला फोटो मागितला, दोन बोटांनी मोठा केला. काच उन्हात चकाकत होती. डावीकडे माझा चष्मा. उजवीकडे काहीतरी पांढरं, पट्ट्याने बांधलेलं.

"आई," ती म्हणाली.

बराच वेळ आम्ही दोघी तो फोटो बघत बसलो. मग ताईने वहीत लिहिलं: ‘दंड २०००, तिघींत.’ आईच्या पोस्टाच्या खात्यात थोडे पैसे उरलेत, त्यातून तिचा भाग.

प्रयागच्या पुरोहितांनी आमच्यासमोर त्यांची लांबलचक वही उघडली होती. १९३८ च्या पानावर आजोबांची मोडीतली सही सापडली. कुणाच्या अस्थी घेऊन आले, कुठल्या गावाहून आले, सगळं होतं. खाली आमची नावं चढली. आजोबा तिथपर्यंत किती दिवसांनी पोचले, वाटेत कुणाशी भांडले, याची नोंद त्या वहीत नाही. सरकारच्या वहीत नेमकं उलट: किती वेगाने गेलो ते आहे, कशाला गेलो ते नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. पाप-पुण्याची वजाबाकी होत नसते, दोन्ही वेगवेगळी भोगायची असतात, हे मी वर्गात शिकवत होते. त्या दिवशी ते दोन वह्यांत लिहिलेलं दिसलं.

आणि अन्नंभट्ट? त्याच्याकडे परत जायलाच हवं, कारण खरी मेख त्याने मारून ठेवलीय. तर्कसंग्रहात चोवीस गुण सांगितलेत. शेवटचा संस्कार. त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे अनुभवाचा आत्म्यावर उमटलेला ठसा, ज्यातून आठवण येते. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली चटई ज्याच्यामुळे पुन्हा मूळच्या आकारात येते तो गुण. आणि वेग हाही संस्कारच, आधीच्या गतीने मागे ठेवलेला. कुंभार काठी काढून घेतो, तरी चाक फिरत राहतं ते त्यामुळे. हा वेग कुठे राहतो? पृथ्वी, पाणी, तेज, वायू यांच्यात. आणि मनात.

‘आणि मनात’ हे दोन शब्द मी एकतीस वर्षं पाठ म्हणून घेतले आणि कधी थांबले नाही. समृद्धीवरचा ११५ चा वेग गाडीतून नागपूरलाच उतरला होता. मनातून उतरला नव्हता. म्हणून तर दोन दिवसांनी ऐंशीची बैलगाडी वाटली.

दंड भरल्यावर दोन आठवडे मी सुरूर फाट्यावरून महामार्गाला लागले की काट्यावर नजर ठेवून चालवत होते. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून थकले. सोळाव्या दिवशी साताऱ्याला लग्नाला निघायला उशीर झाला आणि पाचवडच्या पुढे ताई मागून म्हणाली, "हळू गं." काट्याकडे बघितलं. वाकवलेली चटई सरळ झाली होती. या वेळी मी पाय काढला. पुढच्या वेळी काढीन की नाही, सांगता येत नाही.

परवा ताईची वही चाळली. दोन हजार भागिले तीन. तिघींच्या नावासमोर ६६६ रुपये ६६ पैसे असे तिने मांडलेत आणि खाली नेहमीच्या टापटिपीने लिहिलंय: बाकी दोन पैसे. नाव कुणाचंच घातलेलं नाही.

पेन घेऊन मी तिथे माझं लिहिलं.