पंधरा मीटरांची नीती

खोटे बोलू नये, चोरी करू नये आणि उसने आणलेले पुस्तक परत करावे, एवढे नीतिशास्त्र मला लहानपणीच कळले होते. यातले शेवटचे कलम माझ्या मित्रमंडळींना अजून कळलेले नाही, हा भाग वेगळा. पण एका माणसाने दुसऱ्याकडे किती अंतरावरून पाहावे, आणि त्याला कळू न देता पाहावे का, हा प्रश्न मात्र वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एक जुनी टेलिफोटो लेन्स विकत घेतल्यावर माझ्यापुढे उभा राहिला. बी.कॉम.ला हा विषय नव्हता.

लेन्स म्हणजे मिनोल्टा कंपनीची ७० ते २१० मिलिमीटरची झूम. ही १९८५ साली बाजारात आली. पुढे २००६ साली कंपनीने कॅमेऱ्यांचा धंदा सोनीच्या हवाली केला, पण सोनीने बरीच वर्षे त्याच बैठकीचे कॅमेरे काढले, म्हणून ही लेन्स माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर निमूटपणे बसते. तिच्या डब्यासारख्या आकारामुळे फोटोवाले तिला ‘बीअर कॅन’ म्हणतात. हे नाव आमच्या घरात उच्चारायची सोय नाही. बोरा बाजारातल्या दुकानदाराशी फोनवर बोलताना मी म्हणालो, ‘‘बीअर कॅन आहे का? जुना चालेल. फक्त आत बुरशी नको.’’ सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ताकाचे औषधी गुणधर्म समजावून सांगितले.

जुन्या लेन्सबद्दल आम्हा कॉमर्सवाल्यांना विशेष जिव्हाळा वाटतो, कारण तिच्यावरचा घसारा दुसऱ्या कोणीतरी आधीच सोसलेला असतो. दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा काढण्याची एक पद्धत आहे. तिच्यात वस्तूची किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. ही पद्धत शिकवणाऱ्या सरांना मी तेव्हा मनातल्या मनात हसायचो. आता ती लेन्सलाही लागू पडते आणि चव्वेचाळिशीच्या कारकुनालाही, असे वाटते.

तशी लेन्स गुणी आहे. धातूची आहे, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. भर उन्हात पांढऱ्या वस्तूच्या कडेला जांभळी किनार काढते. भिंगाचे तोंड जरा बारीक केले, म्हणजे चारचे छिद्र आठवर नेले, की शहाण्यासारखी वागते. पावसाळ्यात तिला सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवावे लागते. तो डबा पूर्वी पापडांचा होता. पापड आता उघड्यावर सादळतात. लांबच्या लेन्सने हात हलला की फोटोही हलतो, म्हणून २१० मिलिमीटरला माझ्या कॅमेऱ्यावर सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतका तरी वेग ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. महिनाअखेरीला मी तो पाचशेवर नेतो.

आता अंतराचे. साधारण उंचीचा माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत चौकटीत पुरेपूर बसवायचा, तर या लेन्सने माझ्या कॅमेऱ्यावर त्याच्यापासून सुमारे १५ मीटरांवर उभे राहावे लागते. ज्यांच्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स असते, ते हाच फोटो ४५ मीटरांवरून काढतात. त्या जातीच्या थोर लेन्सची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. म्हणजे जादा तीस मीटर लांब राहायला माणसे दहा लाख मोजतात. आमच्या सोसायटीत काही जणांपासून तेवढे लांब राहायला मीसुद्धा मोजले असते.

पण १५ आणि ४५ यांत फरक केवळ तिपटीचा नाही. ४५ मीटरांवरच्या माणसाला तुम्ही असता नसता सारखेच. १५ मीटरांवर त्याला तुम्ही दिसता.

हे मला दिवे घाटात कळले. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना हा घाट चढते. रथाला जादा बैलजोड्या लावतात, आणि खालपासून वरपर्यंत सगळा घाट पताकांनी भरून जातो. फोटोवालेही एकादशीला फराळी मंडळी जमावीत तसे जमतात. कडेच्या दगडावर एक आजी पाय चोळत बसल्या होत्या. तुळस शेजारी ठेवलेली, पदर ढळलेला, आणि चेहऱ्यावर असे काही की ते थकवा होते, समाधान होते की जुने दुःख, ते सांगता येऊ नये. मी लेन्स रोखली. या लेन्सचे एक आहे, नेम धरताना ती कर्रर्र असा आवाज करते. आजींनी वळून पाहिले.

‘‘काय दिसतंय बाबा त्यातनं?’’

मी कॅमेरा त्यांच्या हाती दिला आणि खालच्या वळणावरच्या रथाकडे रोखून धरला. त्यांनी एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही मिटला, मग बरोबर तो उघडला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर कॅमेरा परत देत म्हणाल्या, ‘‘माउली लई जवळ दिसली. चला, निघाय पायजे.’’

मी विचारले, ‘‘आजी, तुमचा एक फोटो काढू?’’ तर त्या थांबल्या. पदर नीट केला, तुळस डोक्यावर घेतली, आणि आधार कार्डाला बसावे तशा ताठ उभ्या राहून श्वास रोखून धरला. फोटो निघाला. मघाचे चेहऱ्यावरचे ते सगळे मात्र गेले होते.

सगळा तिढा इथेच आहे. विचारले की फोटो जातो. न विचारता काढला तर फोटो राहतो, पण मग आपण त्या माणसाच्या खिशातून त्याच्या नकळत काहीतरी काढून घेतले, असे वाटत राहते.

थोरांचा दाखला घ्यावा, तर थोरांचेही एकमत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सने करायचा, म्हणजे माणसांच्या अगदी जवळ जाऊन. पण आपल्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून तो कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून ठेवी. म्हणजे नकळत टिपण्याचे पाप टेलिफोटोवाल्यांनी आणले, असे म्हणता येत नाही. उलट आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या, दिल्लीत पंतप्रधान-राष्ट्रपतींचे फोटो काढलेल्या, २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांनी १९७० च्या सुमारास कॅमेरा कायमचा खाली ठेवला. त्यांच्या वेळच्या छायाचित्रकारांना वागण्याचे, अगदी पोशाखाचेही नियम असत. नव्या मंडळींनी ते सोडले, ही गोष्ट त्यांना पटली नाही. कला एकाची मोठी, संकोच दुसरीचा मोठा. आता यात कोणाच्या मागे जावे?

मी आपला बँकेच्या मागे गेलो. आमच्याकडे सहीचे असे आहे, की माणूस घरी निवांत बसून चेकवर सही करतो, ती नमुन्याशी बरोबर जुळते. तोच माणूस काउंटरवर आला आणि मी म्हणालो, ‘‘काका, इथे माझ्यासमोर सही करा,’’ की त्याचा हात अवघडतो आणि स्वतःचीच सही त्याला परकी होते. खरी सही कोणती? न बघता केलेली. तरीही बँक समोर केलेली सही मागते, कारण ती वेडीवाकडी असली तरी त्या माणसाने ‘ही माझी’ असे म्हणून दिलेली असते. आजींचा तो ताठ फोटो समोर केलेल्या सहीसारखा आहे. जगाला आपण असे दिसावे, हे त्यांचे स्वतःचे म्हणणे त्यात आहे. मघाचा चेहरा जास्त सुंदर होता, पण तो मला दिलेला नव्हता.

इथे कोणी शहाणा वाचक विचारील, की लेन्सने आवाज केला नसता तर? प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे तिजोरीची किल्लीच नाही, त्या कारकुनाने आपल्या प्रामाणिकपणाची फुशारकी मारू नये. बँकेचाही आमच्या सद्गुणांवर फारसा विश्वास नसतो. म्हणून तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. यात कोणाला अपमान वाटत नाही. उलट रात्री झोप चांगली लागते. माझ्या लेन्सची तोकडी नजर आणि तिची करकर ही दुसरी किल्ली आहे. पहिली माझ्याकडे, दुसरी समोरच्या माणसाकडे.

तरीही सगळी नीती आवाजावर सोपवून चालणार नाही, म्हणून मी एक नियम केला आहे. जो फोटो त्या माणसाला तिथल्या तिथे दाखवता येईल, तोच काढायचा. रागावेल, हसेल, ‘‘अगं बाई, कसली दिसते मी!’’ म्हणेल, ते चालेल. पण दाखवायची लाज वाटत असेल, तर तो आपला नव्हे. गर्दी, रस्ता, डोंगर, बगळे यांना हा नियम लागू नाही. मात्र घरट्यात पिल्ले असतील तर बगळ्यालाही लागू आहे.

उद्या ६०० मिलिमीटरची लेन्स हाती आली तर हा नियम टिकेल का, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. ‘‘त्याची काळजी तुम्ही नका करू,’’ असे आमची ही म्हणते. घरातली दुसरी किल्ली पहिल्यापासून तिच्याकडेच आहे.