कपि, पिक आणि इंग्रजी सोंगट्या

हाती आलेल्या सात इंग्रजी अक्षरांची उलथापालथ करून त्यांतून एखादा ग्राह्य शब्द उभा करणे, अथवा क्यू आणि झेड ज्याच्या पोटात एकत्र नांदतात असा शब्द कोशात धुंडाळीत बसणे, हा उद्योग फावल्या वेळच्या करमणुकीचा म्हणून आपण सोडून देतो. परंतु शब्द हा निव्वळ वर्णांचा समुदाय की वर्णांहून निराळी अशी काही अखंड वस्तू, आणि अर्थ वजा केल्यावर त्याचे शब्दपण शिल्लक राहते की नाही, या ज्या प्रश्नांवर आपल्याकडील मीमांसक, वैयाकरण आणि वेदान्ती शतकानुशतके झगडले, तेच प्रश्न स्क्रॅबलच्या पटावर रोज मुकाट्याने निकालात निघत असतात.

ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादाच्या 28 व्या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी स्फोटवादाचा परामर्श घेतला आहे. वैयाकरणांचे म्हणणे असे की, वर्ण एकामागून एक उमटतात आणि विरतात, ते कधीच एके ठिकाणी जमत नाहीत. तेव्हा अर्थाचा बोध करून देणारा जो शब्द, तो या क्षणभंगुर वर्णांपलीकडचा आणि एकरूप असलाच पाहिजे. आचार्य भगवान उपवर्षांचा दाखला देऊन उलट पक्ष घेतात, की वर्ण हेच शब्द. त्यावर प्रतिपक्षी मोठी मार्मिक हरकत काढतो: वर्णच जर शब्द, तर ‘कपि’ आणि ‘पिक’ या दोहोंत तेच चार वर्ण असल्यामुळे वानर आणि कोकिळ यांत भेद तो कसला? उत्तर असे, की मुंग्या त्याच असल्या तरी क्रमाने चालू लागल्यावरच त्यांची रांग होते, तद्वत वर्ण तेच असले तरी विशिष्ट क्रमाने, आणि वडीलधाऱ्यांच्या व्यवहारात ज्या अर्थाशी त्यांचा संबंध रूढ झाला त्या अर्थासह, ते निरनिराळे शब्द होतात. अक्षरांच्या अदलाबदलीच्या खेळाचे मर्म याहून नेमक्या रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही.

आता ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरे घ्या. त्यांचे एकंदर 5040 क्रम संभवतात, आणि त्यांतून ‘राखून ठेवतो’ या अर्थाचा ‘रिटेन्स’, ‘अधिक ओंगळ’ या अर्थाचा ‘नॅस्टियर’, डोळ्यांतील पडद्यांचे ‘रेटिनाज’ आणि ग्रीक मद्याचे नाव ‘रेट्सिना’ असे कितीतरी शब्द निघतात. संगणक ते कसे हुडकतो हे पाहण्यासारखे आहे. तो कोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे अकारविल्हे लावून टाकतो, म्हणजे ज्या क्रमामुळे शब्दाला शब्दपण आले तोच क्रम आधी मोडतो, आणि मग ज्यांची मोडलेली रूपे एकसारखी, त्यांना एका खात्यात घालतो. त्याच्या दफ्तरी कपि आणि पिक एकाच खणात राहतात. मनुष्याची रीत निराळी. मुरलेला खेळाडू एकेक क्रम तपाशीत नाही. शब्द त्याच्यापुढे एकदम, समग्र असा प्रकट होतो, आणि हा प्रत्यय पाहून स्फोटवाद्याला आपली बाजू शाबीत झाली असे वाटेल. मला तसे वाटत नाही. त्या लखलखाटामागे पाठांतराचा दीर्घ संस्कार असतो, आणि पूर्वसंस्कारांच्या साह्याने बोध होतो हे तर वर्णवाद्यालाही मान्यच आहे.

एक भेद मात्र झाकून ठेवता येत नाही. उपवर्षांचा वर्ण कानाने ऐकायचा आहे, सोंगटीवरचे अक्षर डोळ्याने पाहायचे. अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाने मंदीच्या काळात वृत्तपत्रांतील अक्षरांची मोजदाद करून 100 सोंगट्यांचा हा खेळ सिद्ध केला, ई ला 12 सोंगट्या दिल्या, क्यू ला एकच दिली आणि तिच्यावर 10 गुण लिहिले, तेव्हा त्याने मोजली ती लिपी, ध्वनी नव्हे. (दोन सोंगट्या कोऱ्या असतात आणि त्या कोणतेही अक्षर धारण करू शकतात, त्यांवरून निर्गुण ब्रह्माचे रूपक बांधण्याचा मोह मी आवरतो.)

अर्थाचा प्रश्न अधिक बिकट. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळविले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी शब्दांची यादी तेवढी मुखोद्गत केली होती. पुढे 2024 मध्ये स्पॅनिशचेही अजिंक्यपद त्यांच्याकडे गेले. याला भाषेचे ज्ञान म्हणावे काय? यास्कांच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदलेले आहे, की मंत्रांना अर्थच नाही. आणि त्याचे एक कारण असे, की मंत्रांतील शब्द व त्यांचा क्रम कायमचा ठरलेला असतो. यास्कांनी ते मत खोडून काढले आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भारवाही खांब ठरविले. मला हा निवाडा अर्धाच न्याय्य वाटतो. पदांना पुढेमागे फिरवून घनपाठ म्हणणाऱ्या वैदिकांनी संहिता अक्षरशः जतन केली नसती, तर अर्थ लावण्यासाठी यास्कांच्या हाती तरी काय उरले असते? रिचर्ड्स यांचे ज्ञान हे शब्दाचेच ज्ञान आहे, पण त्यामागचे भांडवल परक्याचे: कोणीतरी कोठेतरी तो शब्द अर्थासकट वापरला, म्हणूनच कोशकाराने त्याला सनद दिली.

ही सनद एकदा मिळाली की खेळात अर्थाची चौकशी होत नाही. ‘ओम’ हा शब्द इंग्रजी यादीत ग्राह्य आहे. ओ चा 1 गुण आणि एम चे 3, मिळून 4. मांडूक्याने ज्याच्या तीन मात्रा आणि चौथा अमात्र पाद उलगडून दाखविला, त्याच्या शेपटाला प्रतिस्पर्धी एस जोडतो, त्याचे अनेकवचन करून 5 गुण पदरात पाडून घेतो, आणि पंच यादीत बोट फिरवून ते मंजूर करतो.